डाव्या चाकाची झीज

वर्तमानपत्रातली नोकरी सोडल्यावर मी एक जुना ट्रक घेतला. तळवड्याच्या लहान कारखान्यांतून सुटे भाग उचलायचे आणि चाकणच्या कंपनीत पोचवायचे, एवढंच काम. कंपनीच्या गेटवर प्रत्येक गाडीला वेळ नेमून दिलेली असते. ती चुकली की गाडी दिवसभर रांगेत. चालक चाकणजवळच्या गावचे, पन्नाशी उलटलेले. मी त्यांना मामा म्हणत असे.

पुढच्या डाव्या चाकाचा टायर एकाच बाजूने झिजू लागला. बाहेरची नक्षी नव्यासारखी, आतली कड गोटा. गाडीने वेग धरला की स्टिअरिंग थरथरायचं. मी बॅलन्सिंग, अलाइनमेंट करून घेतली, टायर बदलला. नवाही तसाच झिजला.

"साहेब, एकदा जॅक लावून चाक उचलू अन् हातानं हलवून बघू," मामा म्हणाले. "उभ्या गाडीत काय कळायचं न्हाई. वजनानं सगळं दबून बसतंय."

त्यात अर्धा दिवस गेला असता. गेटची वेळ चुकेल म्हणून मी नाही म्हणालो. त्यांनी आणखी दोनदा सांगून पाहिलं.

तिसरा टायर घ्यायला आम्ही तळवड्याच्या टायरवाल्याकडे गेलो. चार-पाच चालक बाकावर चहा पीत होते.

"मामा, जरा खड्डे बघून चालवत जा," मी म्हणालो.

"म्या कशाला बघू? खड्डंच मला बघत्यात की!"

बाकावरचे हसले. मला राग आला. "गाडी चालवता की टायर खाता?"

पुन्हा हशा झाला. "टायरखाऊ मामा!" टायरवाला म्हणाला. मामा हसले नाहीत. टायर बसल्यावर त्यांनी माल वेळेत गेटवर नेला, गाडी परत आणली आणि किल्ली माझ्या टेबलावर ठेवली. ते पुन्हा आले नाहीत.

नव्या चालकाच्या हातीही टायर आतूनच झिजला. खंडेनवमीला गाडी पूजेसाठी उभी होती. त्या दिवशी तिला गेटची वेळ गाठायची नव्हती. हार घालण्याआधी मी बोलावलेल्या मिस्त्रीने जॅक लावला, चाक वरून आणि खालून धरून हलवलं. ते खुळखुळलं. चाक ज्या उभ्या दांड्यावर वळतं तो किंगपिन झिजला होता. आम्ही त्यात ग्रीस भरायचो, पण चाक न उचलता. वजनाचा दाब पडणाऱ्या बाजूला ग्रीस कधी पोचलंच नव्हतं.

बातमी देताना दुसरी बाजू ऐकायची, हे मी नोकरीत कटाक्षाने पाळलं होतं.

मी मामांच्या गावी गेलो. ते आता कामगारांची बस चालवत होते.

"जॅक लावला व्हता का?" त्यांनी विचारलं.

"लावला. किंगपिन गेला होता. मामा, चूक माझी. परत या."

"न्हाई साहेब. अन् मला सांगून काय उपेग? मला ठाव व्हतंच. चारचौघात बोलला व्हता, तिथं सांगा."

दुसऱ्या दिवशी मी टायरवाल्याकडे गेलो. किंगपिनचं सगळं सांगितलं. मामांचा दोष नव्हता, असंही स्पष्ट म्हणालो.

"कुठले मामा, राव?" तो आठवू लागला. मग चेहरा उजळला. "हां, टायरखाऊ मामा!"

बाकावरचे चालक हसले. त्यांच्यात त्या दिवशीचा एकही नव्हता.