आत्याच्या बाहुलीची उगवणशक्ती

माझ्या हातून आजवर एकोणीस बाहुल्या तयार झाल्या आहेत, आणि त्यांतली एकही पाहून कुणा लहान मुलाला हसू आलेलं नाही.

भोकरदनला माझं बी-बियाण्याचं दुकान आहे. मृगाच्या आगेमागे तिथं श्वास घ्यायला फुरसत नसते आणि उरलेलं वर्षभर श्वास घेण्याखेरीज दुसरं काम नसतं. अशा रिकाम्या दिवसांत माझ्या वयाची माणसं पत्ते खेळतात, नाहीतर राजकारण करतात. मी मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला आणि कापडी बाहुल्या करायला लागलो. त्यातही साध्या नाहीत. जुन्या! म्हणजे शिवायच्या आज, पण दिसायला मात्र साठ-सत्तर वर्षं ट्रंकेच्या तळाशी पडून होत्या अशा. फाटक्या धोतराचं अंग, काजळाचे डोळे, खणाच्या तुकड्याचं लुगडं. आणि एवढं सगळं नीट झालं की मग ते मळवायचं, घासायचं, उन्हात भाजायचं. ("चांगल्या वस्तूची वाट लावायला तुम्हाला व्हिडिओ कशाला पाहावा लागला? ते तर तुम्हाला उपजतच येतं!" असं आमच्या मंगलचं म्हणणं. मंगल म्हणजे माझी बायको. ती माझ्या शर्टांविषयी बोलत होती.)

ही कीर्ती हसनाबादला आत्याच्या कानावर गेली. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. ऐंशी ओलांडली, पण एसटीत खिडकीची जागा अजून भांडून घेते. एप्रिलच्या शेवटी एका सकाळी ती मांडीवर स्टीलचा डबा घेऊन दुकानात येऊन बसली.

"सुध्या, तू म्हणे बाहुल्या करून राह्यला?"

"हो आत्या. छंद आहे."

"बापानं तुला शेतकी कॉलेजात घातलं ते ह्याच्यासाठीच का रे?"

मी चहा सांगितला. चहा येईपर्यंत तिनं डबा उघडला. आत एक वीतभर बाहुली होती. एक हात लोंबत होता, डोळे पुसट झालेले, पोटात गोळे आणि पाठीला उंदराने पाडलेलं भोक.

"माझ्या आईनं शिवल्येली हाय. मी सासरी आले तवा ट्रंकेत घालून दिल्ती तिनं. आता आमच्या प्रणिताचं लगीन हाय पुढल्या महिन्यात. रुखवतात मांडायची, अन् नात सासरी चालली की तिच्यासंगं द्यायची. हात जोड, पोट बराबर कर. पण आईचा एक टाका उसवायचा न्हाई! काय करायचं ते उंदराच्या भोकातून कर."

"काळजीच करू नको, आत्या."

"असंच तू माझ्या शिलाई मशिनीला म्हणाल्ता."

ती मशीन त्यानंतर कधी चालली नाही, ही गोष्ट खरी आहे.

"अन् ऐक," उठता उठता ती म्हणाली, "हिला काय झालं तर मला तोंड दाखवू नको."

जुनी बाहुली दुरुस्त करण्याआधी तिची हुबेहूब नक्कल करावी, तिच्यावर आपला हात बसवावा, आणि मगच अस्सलला हात लावावा असा जाणकारांचा सल्ला आहे. मी तो तंतोतंत पाळला. खोटं कशाला सांगू, ही एकोणिसावी बाहुली जमली! उंची तीच, बोटं तेवढीच, मानेला बाक तोच. मी इतका रंगात आलो की उंदराचं भोकसुद्धा नकलेला कात्रीने पाडलं. ("उंदीर बोलावला असता तर लवकर झालं असतं," मंगल म्हणाली.)

मग अस्सलचा लोंबता हात जोडला आणि पोटाकडे वळलो. आत सरकीसकट कापूस होता, पण सत्तर वर्षांत त्याची ढेकळं झाली होती. पिंपळगाव रेणुकाईच्या आमच्या शेतातला यंदाचा कापूस घरात पडून होता. तोही मी सरकीसकटच घेतला, कारण जुन्या बाहुलीचं पोट दाबलं की बोटाला सरकी लागायची, तशी ती लागलीच पाहिजे! हा नवा कापूस भोकातून आत्याच्या बाहुलीत भरला. निघालेला जुना कापूस म्हणजे माझ्या आजीने स्वतः भरलेला. तो टाकायला मन होईना. तो मी नकलेत भरला. नक्कल आता हाताला आणि नाकालाही जुनी लागायला लागली. ह्या कल्पनेवर मी इतका खूश झालो की मंगलला हे मी दोनदा सांगितलं. (तुम्ही हे लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.)

दोघींच्या पाठीला एकाच धोतराची ठिगळं लावली. आता नकलेला फक्त जुना रंग चढवायचा बाकी होता. व्हिडिओतली बाई म्हणाली होती, चहात बुडवा. मी बुडवली. ती बाई परदेशातली होती आणि तिच्या घरी चहा कशाला म्हणतात ह्याची मी चौकशी केली नाही. आमच्या घरी चहा म्हणजे दूध, साखर आणि आलं. दुपारच्या पाहुण्यांचा दोन कप उरला होता. रंग मात्र असा अस्सल चढला की मी ती सुकवून आत्याच्या बाहुलीशेजारी, एकाच डब्यात, कौतुकाने झोपवली.

सकाळी डब्याला मुंग्यांची रांग लागली होती. रांग ओट्यावरून, खिडकीतून, थेट अंगणापर्यंत. अस्सल आणि नक्कल असा भेद मुंग्या करत नाहीत. त्या दोघींच्याही पोटात शिरल्या होत्या.

मी दोघींची लुगडी सोडली आणि दोघींना एकाच बादलीत बुडवलं. आत्याची धुऊन जरा उजळली, माझीचा चहा जरा उतरला, आणि दोघी नेमक्या एका रंगावर येऊन थांबल्या. डोळे तर दोघींचेही वाहून गेले. गच्चीवर दोरीला चिमटे लावून मी त्यांना टांगलं. आत्याची डावीकडे, माझी उजवीकडे. हे मी चांगलं घोकून ठेवलं आणि दुकानात गेलो.

संध्याकाळी आलो तर दोघी पलंगावर, उशांच्या अभ्र्यांमध्ये.

"मंगल! ह्या कुणी काढल्या?"

"वावटळ उठली होती. कपड्यांसोबत गोळा करून आणल्या. का?"

"ह्यातली आत्याची कोणती?"

"आता हे मी सांगू? घडवणारे तुम्ही ना!"

मी चष्मा लावून पाहिलं. चष्मा काढून पाहिलं. वजन केलं. वास घेतला, दोघींनाही साबणाचा वास होता, आणि किंचित आल्याचा. लग्न दहा दिवसांवर आलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी एखाद्या वस्तूची तंतोतंत नक्कल केली होती, आणि त्याची शिक्षा म्हणून आत्याला तोंड दाखवायची सोय उरणार नव्हती.

पण मी बियाण्याचा माणूस आहे. आमच्या धंद्यात शंका आली की आम्ही पोतं भिजवतो. पेरणीआधी शेतकरी ओल्या पोत्यात दाणे गुंडाळून ठेवतो, चार-पाच दिवसांनी उलगडतो आणि किती उगवले ते मोजतो. माझ्या डोक्यात वीज चमकली! सत्तर वर्षांची सरकी मेलेली, यंदाची सरकी जिवंत. जिला कोंब येतील ती नवी, म्हणजे माझी. जी गप पडून राहील ती आत्याची. इतकं शास्त्रीय काम आमच्या खानदानात कुणी केलेलं नव्हतं.

दोन्ही बाहुल्या ओल्या पोत्यात गुंडाळून मी दुकानाच्या मागच्या खोलीत ठेवल्या आणि सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडत राहिलो. पाचव्या दिवशी पोतं उलगडलं. एक शांत. दुसरीच्या ठिगळाच्या कडेने आणि काखेतून पिवळसर कोंब बाहेर पडले होते, चांगले बोटभर! नेमक्या त्याच वेळी एक शेतकरी मागल्या वर्षीच्या बियाण्याची तक्रार घेऊन आत आला आणि जागीच उभा राहिला.

"सुधाकरराव, हे काय करून राह्यले?"

"उगवणशक्ती तपासतोय."

त्याने बाहुलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "मंग मला बी ह्याच कंपनीचं द्या. तुम्ही दिल्तं ते तर वावरात बी उगलं न्हाई."

तो गेल्यावर मी निकाल जाहीर केला. कोंबवाली खिळ्याला टांगली. दुसरीला घरी आणून वाळवलं, काजळाने डोळे काढले, खणाचं लुगडं नेसवलं, केसांना तेलाचं बोट लावलं आणि आत्याच्या डब्यात मऊ फडक्यावर निजवलं. मंगल चहा घेऊन आली. डब्यात वाकून बघितलं आणि म्हणाली,

"अहो, पण नवा कापूस तुम्ही आत्याबाईंच्या बाहुलीत भरला होता ना? दोनदा सांगितलंत मला."

मी चहाचा कप खाली ठेवला. म्हणजे कोंब आले होते ते आत्याच्या बाहुलीला! माझी परीक्षा चोख होती. फक्त ती कापसाचं वय सांगत होती आणि मी बाहुलीचं विचारत होतो.

मी पळत दुकानात गेलो, खिळ्यावरची काढली, पोतडीत घालून पळत घरी आलो. दारात रिक्षा उभी. बाहुली न्यायला आत्या ठरल्यापेक्षा एक दिवस आधीच आली होती, आणि तिच्या मांडीवर तो डबा उघडा होता.

इथं मला खरं बोलायची पूर्ण संधी होती. पण डब्यातली इतकी देखणी दिसत होती, आणि पोतडीतली इतकी हिरवी व्हायला लागली होती, की मी म्हणालो, "कशी झालीये तुझी बाहुली?"

आत्याने तिला उलटी केली. लुगडं वर सारून कडेची शिलाई चष्म्याशिवाय पाहिली.

"ही कोणाची हाय?"

"तुझीच की."

"माझी आई डावखुरी व्हती, सुध्या. तिचा टाका इकडं कलतो. हा तिकडं कलून राह्यला." तिने बाहुली बाजूला ठेवली. "माझी कुठं हाय?"

मी पोतडी पुढे केली. आत्याने बाहुली बाहेर काढली, काखेतल्या कोंबावरून बोट फिरवलं. मग म्हणाली,

"प्रणिताच्या लग्नाआधी हिलाच दिवस गेले का रे?"

मंगल पदर तोंडाला लावून आत पळाली. मला हसावं की रडावं कळेना, तेवढ्यात आत्याचा आवाज बदलला.

"हा कापूस कुठला?"

"आपल्या पिंपळगावचा. यंदाचा."

"अन् आईनं भरल्येला?"

मी डब्यातल्या देखणीकडे बोट दाखवलं.

"काढ," आत्या म्हणाली. "दोघींचा बी काढ. माझ्यासमोर."

काढला. आत्याने ताटात आजीचा कापूस पसरला आणि एकेक ढेकूळ बोटांनी पिंजायला बसली. ऊन पायरीवरून ओसरेपर्यंत ती बसून होती. मध्येच म्हणाली, "विहिरीपाशी वावर व्हतं आपलं. तिथला हाय हा. आई येचायची अन् मी तिच्या मागं मागं." माझं काम सुईत दोरा ओवून देण्याचं होतं, आणि तेही तीन वेळा चुकलं. आजीचा कापूस तिने स्वतःच्या हाताने आपल्या बाहुलीत परत भरला, नवा माझीत कोंबला, आणि भोकं स्वतः शिवली. मशीन बंद असली तरी तिच्या बोटांना ते माहीत नव्हतं.

जाताना तिने नक्कलही डब्यात घातली. "ही बी मांडू रुखवतात. जोडी दिसल." आणि रिक्षात बसल्यावर, "लग्नाला ये. पण मांडवात कशालाच हात लावू नको."

लग्नात मी हात मागे बांधून रुखवताजवळ उभा होतो. शेवया, पापड, कुरडया, आणि मध्ये दोन बाहुल्या. नवऱ्या मुलाचे मामा एकेक वस्तू निरखत आले. आत्याची खरी बाहुली त्यांनी उचलली. मुंग्या, बादली आणि ओलं पोतं सोसून ती बिचारी अगदी कोरी दिसत होती.

"ही नवशिक्याची वाटते," मामा म्हणाले. "असू द्या. शिकेल हळूहळू."

मग त्यांनी माझी उचलली. चष्मा सरसावला. बराच वेळ टाके पाहिले.

"ह्याला म्हणतात काम! कोणाच्या हातचं हे?"

मी तोंड उघडलं. त्याआधी आत्या बोलली.

"माझ्या आईच्या. चाळीस वर्सं झाली तिला जाऊन."

"वाटलंच! असे हात आता कुठं राहिले?" मामांनी बाहुली हळूच खाली ठेवली, तिला हात जोडले आणि डोळे मिटून म्हणाले, "त्यांच्या आत्म्याला शांती मिळो."

मीही मान खाली घातली. चोपन्न वर्षांत माझ्या हातच्या कामाचं कुणी मनापासून कौतुक केलं ते हे पहिलंच, आणि त्यासाठी मी बाई असून चाळीस वर्षांपूर्वी वारलेलो असायला हवं, एवढीच काय ती अट होती!