सरकीचा पिट

“शेठजी, या पिटातली सरकी काढावी लागेल,” मी म्हणालो.

शेठजींनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. पुलगावच्या त्यांच्या जिनिंगच्या आवारात, गाठींच्या शेडमागे आम्ही उभे होतो. समोर लांब उडीचा खड्डा होता. आमच्या भाषेत त्याला पिट म्हणतात. पिटात वाळू असते. इथे वाळूऐवजी सरकी काठोकाठ भरलेली होती. सरकी म्हणजे कापसातली बी. जिनिंगमध्ये रुई वेगळी केली तरी सरकीच्या अंगावर थोडी लव राहतेच, त्यामुळे तिचा ढीग मऊ असतो.

“काऊन काढाची?” शेठजींनी विचारलं. “गेल्या साली गुणवंतची टाच सुजलती. भितीले धरून चालत होता बिचारा. आता गादीवर पडल्यासारखा पडते. तुमाले त्याचे पाय मोडाचे हायेत का, मास्तर?”

मी वर्ध्याच्या एका हायस्कुलात ड्रिल मास्तर होतो. जिल्ह्यातल्या खेळाडूंना स्पर्धेसाठी तयार करायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं होतं. तेव्हा आम्ही अजून मध्य प्रदेशात होतो आणि निवड चाचणी राजधानीत, म्हणजे नागपूरला व्हायची. तिथून लांब उडीसाठी दोघेच अखिल भारतीय स्पर्धेला जाणार होते.

आमचा माणूस गुणवंत. केळझरजवळच्या शेतकऱ्याचा मुलगा आणि माझाच विद्यार्थी. त्याला पहिल्यांदा उडी मारताना पाहिलं तेव्हा मी शिट्टी वाजवायची विसरलो होतो. पुढे तो प्रांताचा चॅम्पियन झाला. त्याची उडी पाहूनच शेठजींनी त्याला आपल्याकडे काट्यावर, कापूस तोलायच्या कामावर ठेवलं. कामापेक्षा लाडच जास्त. दूध घरून यायचं, सकाळची हजेरी माफ होती. पण अखिल भारतीय स्पर्धा काही त्याच्या नशिबात आली नव्हती. एकदा निवडीच्या वेळी तापाने फणफणला, एकदा टाच गेली. आता तिशी जवळ आली होती. यंदा नाही तर कधीच नाही, हे त्याला माहीत होतं आणि मलाही.

टाच सुजली म्हणून शेठजींनी हंगाम सुरू होताच पिटातली वाळू उपसून सरकी भरून घेतली. त्यांच्या मायेबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही.

पण लांब उडीचं माप कसं घेतात, ते सांगायला हवं. पाय जिथे पडले तिथपर्यंत मोजत नाहीत. अंगाचा कुठलाही भाग वाळूला लागून जी खूण उडी घ्यायच्या फळीच्या सगळ्यांत जवळ उमटते, तिथपर्यंत मोजतात. म्हणून कसलेला खेळाडू पाय टेकताच गुडघे वाकवून अंग पुढे झोकून देतो. मागे बसला, की कमावलेलं गेलं. वाळू हे आपोआप शिकवते, कारण मागे बसलं की ती सोलून काढते. सरकीत मात्र पाय गुडघ्यापर्यंत रुततात आणि मागे बसायला बरं वाटतं. शिवाय तिच्यात खूण राहत नाही. टाचा जिथे बुडाल्या तिथे जिनिंगमधले कामगार काठी रोवायचे आणि टाळ्या पिटायचे. गुणवंत महिनोन् महिने मागे बसत होता, आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं. त्याला एका शब्दात समजलं.

“तुमचं खरं हाये, सर,” तो म्हणाला. “पन शेठजीनं उभं राहून भरून घेतली ते. रोज सकाळी खुर्ची टाकून पाह्यले बसते. मी कसा म्हनू, का तुमची माया मले नडून राह्यली?”

मला राग आला. शेठजींचा, त्याचा, त्या सरकीचाही. शेठजींशी मी आणखी दोनदा बोललो. मापाचा नियम कागदावर काढून दाखवला. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, तो पुढेच तर पडते, मी रोज पाह्यतो ना.

शेवटी एक तोडगा काढला. गुणवंतने रविवारी पॅसेंजरने वर्ध्याला यायचं आणि आमच्या शाळेच्या वाळूत सराव करायचा. हेडमास्तर आधी कुरकुरले, बाहेरच्या माणसाला शाळेचं मैदान कसं द्यायचं म्हणून. त्यांच्याच खोलीत गुणवंतचा फोटो टांगला होता, त्याकडे मी बोट दाखवलं. मग हो म्हणाले.

तो प्रत्येक रविवारी आला. जपून मारलेल्या उडीत तो नीट पुढे पडायचा. पण जीव तोडून धावला की पुन्हा मागे बसायचा. एकदा मवाळ जागेची सवय लागली, की शरीर डोक्याचं ऐकत नाही. रविवार मोजके होते आणि सोमवारी पुन्हा सरकी होती.

नागपूरच्या चाचणीत त्याने सुरुवातीच्या उड्या जपून मारल्या. तिसऱ्या नंबरावर राहिला. एकच उडी उरली, तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलं. मी काहीच खूण केली नाही. जपून चालणार नव्हतं, हे दोघांनाही कळत होतं.

तो धावला. फळीवर पाय अचूक पडला. मी त्या मैदानावर वर्षानुवर्षं पंच म्हणून उभा राहिलो आहे, पण तशी उडी मी तिथे पाहिली नाही. त्या दिवशी कुणाच्याच टाचा तितक्या लांब गेल्या नव्हत्या. आणि मग तो अलगद मागे बसला. उजवा तळहात पाठीमागे टेकला.

पंचांनी टेप टाचेच्या खुणेला लावली नाही, तळहाताच्या खुणेला लावली. बरोबरच केलं. मी असतो तर तेच केलं असतं. गुणवंत तिसराच राहिला. तो वाळूकडे बघत उभा होता. टाचांची खूण तशीच होती. मग माणूस आला आणि त्याने फावड्याने वाळू सारखी केली.

परतताना मी वर्ध्याला उतरलो नाही, त्याच्याबरोबर पुलगावपर्यंत गेलो. आता तरी शेठजींना खरं काय ते सांगतो, असं मी म्हणालो.

“नका सांगू, सर,” तो म्हणाला. “दुसऱ्याच्या पोरासाठी कोन करते एवढं? माहं जे व्हायचं ते होऊन गेलं. त्याइले आता काऊन दुखवाचं?”

स्टेशनावर शेठजी हार घेऊन उभे होते. आमचे चेहरे पाहून त्यांनी हार पाठीमागे लपवला. गुणवंत पुढे झाला आणि म्हणाला, “टाच दुखली, शेठजी.” शेठजींच्या डोळ्यांत पाणी आलं. मी तोंड मिटून उभा राहिलो. मला ते फार जड गेलं.

पुढच्या हंगामात त्यांनी मला मुद्दाम बोलावलं. पाहुणे जमले होते, खुर्च्या मांडल्या होत्या. टाच दुखली या एका शब्दावर त्यांनी पिट आणखी खोल खणून घेतला होता आणि दुप्पट सरकी भरली होती. गुणवंतने शर्ट काढला, धावला, उडी मारली आणि कमरेपर्यंत आत गेला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तो हसत हसत लव झटकत बाहेर आला.

“पाहा, मास्तर,” शेठजी समाधानाने म्हणाले, “आता लागते का त्याले?”

“नाही लागत, शेठजी,” मी म्हणालो.

त्यानंतर नोकरीत माझ्या बऱ्याच बदल्या झाल्या. नव्या शाळेत गेलो की खुर्चीवर बसण्याआधी मी मैदानावर जाऊन पिटात हात खुपसून पाहायचो. वाळू टोचली, की मला बरं वाटायचं.