एक जास्तीची वायर

माझ्या गाडीने सोमवारशी वैर धरलं होतं. शुक्रवारी संध्याकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये धडधाकट उभी केलेली गाडी सोमवारी सकाळी सुरूच व्हायची नाही. किल्ली फिरवली की नुसतं टक्‌ टक्‌, आणि डॅशबोर्डवरचे दिवे मलूल. मी खाली उतरून टायरला लाथ घालायचे. मग नवरा खाली यायचा, त्याच्या गाडीवरून जम्पर केबल लावायचा आणि माझी गाडी सुरू करून द्यायचा. कधी चिडला नाही. इतका शांत माणूस माझ्यासारख्या तापट बाईला कसा मिळाला, हे मी मैत्रिणींना कौतुकाने सांगायचे.

बॅटरी जुनी झाली असेल म्हणून नवी घातली. तीही तिसऱ्या सोमवारी उतरली. सर्व्हिस सेंटरमधला मुलगा म्हणाला, “मॅडम, तुमचं रनिंग कमी आहे.” रोज नेरुळ ते तुर्भे जाऊन-येऊन वर मलाच दोष! मी त्याला तिथल्या तिथे सुनावलं.

शेवटी आमच्या तुर्भ्याच्या कारखान्यात ट्रकांचं काम बघणाऱ्या माणसाने कळंबोलीचा एक इलेक्ट्रिशियन सुचवला. नवरा म्हणाला, “ट्रकवाल्यांच्या गर्दीत कशाला जातेस? अजून एक बॅटरी बदलू.” मी ऐकते थोडीच. शनिवारी सकाळी गाडी काढली.

इलेक्ट्रिशियन पन्नाशीचा, तिथल्याच गावचा. ट्रकांच्या रांगेत त्याचं पत्र्याचं दुकान. त्याने बॅटरीची एक वायर सोडवून मध्ये मीटर जोडला, दारं बंद केली आणि मला स्टूल दिलं. “आता गाडीला झोपू दे जरा ताई. झोपंत ती किती खाते तं बघू.”

पंधरा मिनिटांनी त्याने मीटर दाखवला. “चाळीस-पन्नास मिलिअँप असाय पायजे. ही दोनशे ऐंशी खाते. बॅटरी बिचारी काय करंल?”

मग तो एकेक फ्यूज काढून बघू लागला. रेडिओ, लाइट, काचा. आकडा हलेना. “म्हंजे फ्यूजच्या आधीच कोनी तरी वायर मारलीय,” असं म्हणत तो स्टिअरिंगखाली आडवा झाला, आणि थोड्या वेळाने काळी टेप गुंडाळलेली एक बारीक वायर ओढत बाहेर आला. “ही कंपनीची नाय.”

वायरच्या टोकाला काडेपेटीएवढी काळी डबी होती. तिच्यावर हिरवा दिवा लुकलुकत होता. वायर सोडवली आणि मीटरचा आकडा धाडकन खाली आला.

मला वाटलं, काहीतरी अलार्म वगैरे असेल. खूश झाले मी, चोर सापडला म्हणून. त्याने डबी उघडून आतलं सिमकार्ड दाखवलं. “जीपीएस हाय ताई. गाडी कुठं हाय, किती वेळ उभी हाय, सगला मोबाइलवर दिसतं. आतली छोटी बॅटरी खराब झालीय, म्हून ही तुमच्या बॅटरीतून सारखी ओढते. इथं सगल्या ट्रकना हाय. डायवरवर नजर ठेवायला मालक बसवतात. तुमच्या पन मालकांनी बसवला असंल.”

“मालक मीच आहे,” मी ठणकावलं. “गाडी माझ्या नावावर आहे.”

“तसा नाय ताई,” तो साधेपणाने म्हणाला. “घरचे मालक.”

मी स्टुलावर बसलेली होते हे बरं. समोर ट्रक हॉर्न मारत होते आणि मला काही ऐकू येत नव्हतं. तो विचारत होता, “कायमची काढू ना?” मी मान हलवली. डबी पर्समध्ये टाकली आणि घरी आले.

नवरा पेपर वाचत होता. मी डबी त्याच्या पेपरावर ठेवली. वाटलं होतं, तो म्हणेल, हे काय आहे? मी ते खरंही मानलं असतं, इतकी मी तयार होते. तो डबी बाजूला सरकवत म्हणाला, “सेफ्टीसाठी. गाडी नवी घेतली तेव्हाच बसवलंय.”

“माझ्या सेफ्टीसाठी, आणि मलाच सांगितलं नाहीस? दोन वर्षं?”

“तू उगाच चिडली असतीस.”

“रोज बघायचास?”

त्याने पेपराची घडी केली. आवाज नेहमीसारखाच शांत होता. उलट थोडा दुखावलेला. “बघायचो. म्हणून कधी काही बोललो का? दर गुरुवारी ऑफिसातून येताना तू खाडीच्या रस्त्याला पस्तीस मिनिटं गाडी थांबवून बसतेस. कोणाबरोबर असतेस, कधी विचारलं मी?”

त्याला खरंच वाटत होतं की हा त्याचा मोठेपणा आहे.

कोणाबरोबर नसते मी. कांदळवनापाशी गाडी लावते, चपला काढते, सीट मागे घेते आणि गप्प बसते. फोन बघत नाही, गाणी लावत नाही. आठवड्यातून एकदा तेवढं बसलं की घरी येऊन कोणावर ओरडत नाही. किती वेळ बसते, ते मी कधी घड्याळात पाहिलं नव्हतं.

पस्तीस मिनिटं असतात म्हणे.