वासावरचा स्वयंपाक

विजापूरचा गोलघुमट मी अजून पाहिलेला नाही. त्याच्याबद्दल मिळेल ते सगळं वाचलेलं आहे. वरच्या सज्जात एका टोकाला कुजबुजलं तर समोरच्या टोकाला उभ्या माणसाला शब्द न् शब्द ऐकू येतो, हे मी बायकोला इतक्या वेळा सांगितलं होतं की एका दिवाळीच्या सुटीत ती म्हणाली, चला, एकदा ऐकूनच येऊ, म्हणजे तुम्ही सांगायचे थांबाल. सत्तरच्या दशकाच्या मध्यावरची ही गोष्ट. मी तेव्हा साताऱ्याला एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. वाटेत सोलापूरला तिची शाळेतली मैत्रीण राहत होती. तिच्याकडे काही दिवस मुक्काम करायचा आणि पुढे विजापूर गाठायचं, असा बेत होता.

मैत्रिणीच्या दारात टांग्यातून उतरताना बायकोचा पाय माझ्या पुस्तकांच्या पिशवीत अडकला. उजवं मनगट मोडलं. प्लास्टर घालून परत आलो तेव्हा मैत्रिणीच्या सासूबाईंनी आधी हाताकडे पाहिलं, मग पिशवीकडे, आणि मला विचारलं, "पावणं, परवासाला एवढी पुस्तकं? तितं दगडं बघायला चाललाय न्हवं?" मी म्हटलं, त्या दगडांबद्दलचीच आहेत. पुढचा आठवडाभर ती पिशवी मला रोज नव्या कोपऱ्यात सापडत होती.

मैत्रिणीचे यजमान कापड गिरणीत रंगखात्याचे मास्तर होते. गिरणीने त्यांना तीन वर्षं बँकॉकला पाठवलं होतं आणि मैत्रीणही बरोबर गेली होती. परत आल्यावर गल्लीतल्या बायका तिला तिथलं काहीतरी करून दाखव म्हणून मागे लागल्या, तेव्हा तिने दुपारचा एक वर्ग सुरू केला. गल्लीत त्याला बँकॉकचा क्लास म्हणत. आम्ही पोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी तो सुरू व्हायचा होता आणि माझ्या बायकोने पत्र पाठवून आपलं नाव आधीच सांगून ठेवलं होतं. आता हात गळ्यात. ती म्हणाली, मी बसून बघेन. मैत्रीण म्हणाली, बघून कुणी शिकत नाही, माझ्या वर्गात बघणाऱ्यांना जागा नाही, ज्याने त्याने हात घालायचा.

मी ओसरीवर पुस्तक उघडून बसलो होतो. बायकोने डाव्या हाताने माझ्याकडे बोट केलं.

"माझे हात ते," ती म्हणाली.

असा मी चार बायकांच्या त्या वर्गात पाचवा झालो. बायको माझ्या मागे पाटावर बसायची आणि हळू आवाजात सांगायची. मी करायचो. एक काम झालं की मी थांबायचो, मग मागून "पुढे" असं यायचं. मला स्वयंपाकातलं काहीच येत नव्हतं, त्यामुळे स्वतःच्या डोक्याने काही करायचं नाही हे आमचं ठरलेलं होतं. मैत्रीण एरवी मला भावजी म्हणायची, पण वर्ग सुरू झाला की तीही "बायांनो, इकडे बघा" म्हणायची आणि मी बघायचो. शेजारच्या विणकराच्या घरची एक तेलुगू सून होती. ती पहिले दोन दिवस माझ्याकडे पाठ करून बसली. तिसऱ्या दिवशी माझी मिरची कापण्याची तऱ्हा तिला बघवेना, तेव्हा तिने वळून माझ्यापुढची विळी ओढून घेतली.

शिकायचा होता एक हिरवा रस्सा. हिरव्या मिरच्या, लसूण, कोथिंबिरीची मुळं, ईडलिंबाची पानं, गवती चहा आणि आल्यासारखी एक मुळी, हे सगळं उखळात कुटून नारळाच्या दुधात शिजवायचं, त्यात वांगी सोडायची. साहित्य आणायचं काम हातांचं, म्हणजे माझं. भाजीवालीकडे मी कोथिंबिरीची मुळं मागितली तेव्हा तिने जुडी माझ्यापुढे धरली. नको, फक्त मुळं, असं म्हटल्यावर तिने मला गाय आहे का म्हणून विचारलं. ती आल्यासारखी मुळी म्हणजे आपलं कोळिंजन, असं मैत्रिणीने शोधून काढलं होतं. ते काष्ठौषधींच्या दुकानात मिळालं. दुकानदाराने खोकला किती दिवसांचा आहे ते विचारलं. खोकला नाही, आमटीत घालायचं आहे, असं मी खरं ते सांगितलं. त्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि पुडी बांधताना, थोडं घ्या, लहान पोरांना देऊ नका, असं बजावलं.

उखळ सासूबाईंचं होतं. शेंगाची, म्हणजे भुईमुगाच्या दाण्यांची, चटणी त्या त्याच उखळात कुटायच्या आणि त्या चटणीसाठी अक्कलकोटपासून पाहुणे त्यांच्याकडे यायचे. दुसरं काही त्यात घालायला त्यांचा सक्त विरोध होता. रोज झाल्यावर तीन पाण्यांनी धुऊन द्यायचं, या अटीवर त्यांनी ते दिलं. पण दिल्यावर उखळापाशीच बसून राहायच्या. गवती चहाची काडी उखळात पडली की विचारायच्या, "ह्यो चा हाय की कालवण?"

दुसऱ्या दिवशी रस्सा तयार झाला. मी चाखला आणि, वाचणाऱ्या माणसाला खोड असते तशी, एक शंका विचारली. तिथे हे अगदी असंच लागतं का?

मैत्रीण पातेल्याकडे बघत राहिली. मग तिने सांगितलं की तिने हे तिथे कधी चाखलेलंच नव्हतं. त्यांचं घर लिंगायतांचं. तिथल्या प्रत्येक रश्श्यात माशाचं पाणी तरी असायचं किंवा कोळंबीचा गोळा तरी. मागच्या गॅलरीला लागून एका बाईचं स्वयंपाकघर होतं. ती बाई रोज कुटायची, शिजवायची आणि वाटी पुढे करायची. ही रोज हात जोडून नको म्हणायची. तीन वर्षं. ती बाई कधी रागावली नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा वाटी घेऊन उभी. हिने बघून बघून सगळं पाठ केलं, बाजारात जाऊन त्या लोकांची भाषा बोलायला शिकली. चव तेवढी राहिली.

"मला फक्त वास माहीत आहे, भावजी," ती म्हणाली. "हे तेच झालंय का, एवढं मला कुणीतरी एकदा सांगावं."

सासूबाईंनी गप्प बसणं शक्य नव्हतं. तीन वरसं तितं ऱ्हाऊन हिनं भाकरीच खाल्ली, हे त्या सगळ्या गल्लीला सांगत आल्या होत्या. आता त्यात भर पडली. नाकानं सैपाक करायची विद्या आमच्या सुनंला येती, असं त्या दारावरून जाणाऱ्यालाही थांबवून सांगू लागल्या.

आणि नेमकं त्याच आठवड्यात गिरणीत बँकॉकहून एक पाहुणा आला. चादरींचे माग कसे चालतात ते बघायला आलेला, पंचविशीतला, शांत मुलगा. यजमानांनी त्याला रविवारी दुपारी जेवायला बोलावलं. ही बातमी आली तेव्हा मैत्रीण भाकरी थापत होती. तिने ती भाकरी इतकी थापली की तिची कड फाटली. सांगणारा माणूस आपल्या पायांनी घरी येत होता. मागून बायको माझ्या कानात कुजबुजली की आता मिरच्या नीट कापा, आता परीक्षा आहे. परीक्षा मैत्रिणीची होती, पण हात माझे होते. मला दोन रात्री झोप लागली नाही.

रविवारी सकाळी सगळा वर्ग जमला. मी कुटलं, तेलुगू सुनेने नारळाचं दूध काढलं, मैत्रिणीने रस्सा उकळायला ठेवला आणि पातेल्यावर वाकून डोळे मिटून नुसता वास घेत राहिली. मीठ बघा, असं तिने आम्हाला तीनदा सांगितलं, स्वतः मात्र चाखलं नाही. मी विचारलं तर म्हणाली, मी चाखून काय कळणार आहे? सासूबाईंचा या सगळ्यावर भरवसा नव्हता. पाहुणा उपाशी जाऊ नये म्हणून त्यांनी शेंगाची आमटी करायला घेतली. आम्ही बाहेर पानं मांडत होतो तेव्हा आत दाणे कुटल्याचा आवाज येत होता.

पाहुणा आला, नमस्कार करून पाटावर बसला. यजमानांचं आणि त्याचं बोलणं मागाच्या सुट्या भागांपलीकडे जाईना. तीन वर्षं बँकॉकला राहून त्यांनी यंत्रांशीच काय ते बोलणं केलं होतं. त्याची भाषा येणारी घरात एकटी मैत्रीणच. ती समोर उभी राहिली, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. मी आणि बायको दाराशी. वर्गातल्या बायका खिडकीत.

त्याने रस्सा भातावर घेतला. खाल्ला. मान हलवली, पुन्हा घेतला. मग अगदी अदबीने तिला काहीतरी विचारलं.

तिचा चेहरा आम्हाला दिसत होता. तिने काहीही सांगितलं असतं तरी आम्हाला खरंच वाटलं असतं. पडताळून बघणारं कुणी नव्हतं. सासूबाईंनी विचारलं, काय म्हनला?

"म्हणतो, फार छान आहे," ती म्हणाली. "आणि विचारतो, सोलापुरात ह्याला काय म्हणतात?"

सासूबाई हसल्या नाहीत. त्यांना ते इतकं अपेक्षित होतं की हसायचंही कारण उरलं नव्हतं. त्यांनी शांतपणे आमटीचं पातेलं पुढे ओढलं आणि त्याच्या वाटीत पळी ओतली. "हे खा म्हनावं. ह्याला काय म्हंत्यात ते मी सांगते."

त्याने वाटी तोंडाला लावली. आणि तशीच धरून राहिला. मग वाटी खाली ठेवून तो मैत्रिणीकडे बघून भराभर बोलू लागला. इतका वेळ गप्प असलेला तो मुलगा थांबेचना.

"काय म्हनतोय?" सासूबाईंनी विचारलं. "तिखट लागलं व्हय?"

मैत्रीण म्हणाली, "तो म्हणतो, हे आमच्याकडचं आहे."

"कुनाकडचं?"

"त्यांच्याकडचं. त्याच्या गावाला दाण्याचं असंच करतात. आई करते म्हणतो."

"त्याच्या आईला म्हनावं ही आमटी माजी हाय," सासूबाई म्हणाल्या. "माज्या सासूनं शिकवलीया मला. मी बँकॉकचं तोंड बघितलेलं न्हाय." पण पाहुण्याने तोवर वाटी पुन्हा पुढे केली होती आणि मागणाऱ्याला त्या घरात नाही म्हणायची पद्धत नव्हती. त्या वाढत राहिल्या आणि कुरकुरत राहिल्या.

मैत्रीण तेवढ्यात पातेल्यावर वाकली. तिने वास घेतला. पुन्हा घेतला. मग बोटाने चाखलं. आणि ती तिथेच फरशीवर बसली.

"आत्या, ह्यात गवती चहा आहे."

"खुळी का काय? शेंगाच्या आमटीत चा कोन घालंल?"

उखळ आणलं गेलं. सासूबाईंनी त्यात नाक घातलं आणि वर करून माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. सकाळी गर्दीत बायको वर्गातल्या बायकांशी बोलत होती. मी कुटणं संपवून थांबलो होतो. बराच वेळ मागून काही आलं नाही, म्हणून उठलो. उखळ न धुता तसंच राहिलं आणि सासूबाईंनी त्यात दाणे कुटले.

"हातांना सांगायचं राहिलं," बायको म्हणाली.

सासूबाईंना आमटी बाटल्याचं दुःख करावं की पाहुण्याने चार वाट्या घेतल्याचा आनंद मानावा, हे ठरेना. मैत्रिणीचं तिकडे लक्षच नव्हतं. तिने स्वतःसाठी वाटी भरून घेतली होती आणि भिंतीला टेकून, पाहुणा समोर असताना, यजमान समोर असताना, ती सावकाश जेवत होती. हाच तो वास, असं ती बायकोला सांगत होती. आणि चव ही अशी असते होय. मग वाटी संपवून म्हणाली की त्या बाईला आता कळवायला पाहिजे होतं, पण तिचा पत्ता कधी लिहूनच घेतला नाही, गॅलरीला लागून राहणाऱ्या माणसाचा पत्ता कोण घेतो.

पुढच्या आठवड्यात क्लास सुरू राहिला म्हणे. सासूबाई शेंगाची आमटी शिकवायला बसल्या, आणि उखळ आधी धुवायचं की नाही यावर दोघींचं रोज वाजायचं. आम्ही तोवर साताऱ्याला परतलो होतो. सुटी संपली होती. विजापूर राहिलं.

बायकोचं प्लास्टर निघालं तरी ती आमटी आमच्या घरी मीच करत आलो. तिला करता येईना. क्रम सगळा तिच्या डोक्यात आणि हाताची सवय माझ्या हातात, अशी वाटणी होऊन बसली होती. कुणी आलं की ती पाट घेऊन माझ्या मागे बसायची. कुटा. पुढे. दाणे घ्या. पुढे. पाहुणे बाहेरून ऐकत आणि हसत. गोलघुमटाचा विषय निघाला की ती म्हणायची, आता तिथे जाऊन काय करायचंय, मागून कुजबुजलेलं तुम्हाला ऐकू येतं की.

तिला जाऊन आता आठ महिने झाले. गॅलरीतल्या कुंडीत गवती चहा तिनेच लावलेला आहे, तो फार वाढला म्हणून काल कापला आणि थोडा खलबत्त्यात कुटला. कोळिंजन आधी की मुळं आधी, ते आठवेना. थांबून राहिलो. मग जे हाताला लागलं ते घातलं. रस्सा काही जमला नाही. आज सकाळी आमटीसाठी दाणे भाजून ठेवले आहेत.

खलबत्ता अजून तसाच आहे. धुवा म्हणून कुणी सांगितलेलं नाही.