पॅनेल दाबलं

ऑफिसात त्यांना सगळे बटणकाका म्हणत. एकोणीस वर्षं माणूस पडद्यावरची बटणं बनवतोय म्हटल्यावर दुसरं काय म्हणणार! स्वभावाने सरळ, कामाला वाघ, पण एक खोड होती: एकच गोष्ट दोनदा लिहायची म्हटलं की काकांच्या कपाळाला आठी. पॅनेलवर पाच बटणं असली, तर प्रत्येकावर नजर ठेवणारा कोडचा तुकडा, म्हणजे राखणदार, वेगळा कशाला? काका अख्ख्या पॅनेलवर मिळून एकच बसवत. कुठलंही बटण दाबा, तो ओळखतो आणि ते काम उरकतो. "पाच जण कुणी पोसायचे?" असं ऐटीत सांगायचे.

हॉस्पिटलच्या ऑपरेशनच्या तारखांचा प्रोग्राम त्यांनी असाच बांधला होता. आणि त्याच हॉस्पिटलात तारखा द्यायच्या खिडकीवर त्यांची थोरली बहीण बसायची.

एका सोमवारी एक म्हातारे गृहस्थ डोळ्याच्या ऑपरेशनला आले, तर यादीत नावच नाही. तारीख रद्द! आता पुढची चार महिन्यांनी. त्यांच्या सुनेने हॉस्पिटल डोक्यावर घेतलं आणि सगळं शेकलं ताईवर.

"मी 'रद्द' दाबलंच नाही," ताई ठामपणे म्हणाली. "त्यांना आठवडाभर पुढची तारीख हवी होती. मी 'तारीख बदला' दाबलं."

प्रशासकबाई म्हणाल्या, "उद्या नोंद बघू. चूक तुमची निघाली तर घरी बसावं लागेल."

निवृत्तीला दीड वर्ष, घरी अंथरुणाला खिळलेला नवरा. ताईने भावाला फोन लावला. "अरे, तुझ्या प्रोग्रामात सगळं लिहिलेलं असतं ना? मग दाखव की त्यांना!"

"ताई, तू काळजीच सोड," म्हणत काकांनी नोंद उघडली आणि त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं.

'तारीख बदला' दाबलं की प्रोग्राम आधी जुनी तारीख खोडायचा, मग नवी लिहायचा. मध्येच अडला, तर तारीख रद्दच दिसणार. म्हणजे ताईने दाबलं कुठलं, यावरच सगळं. आणि नोंदीत काय? 'पॅनेल दाबलं.' त्याच्या वर 'पॅनेल दाबलं', खालीही 'पॅनेल दाबलं'. दाबलेल्या बटणाचं नाव लिहायचं, तिथे काकांनी राखणदार बसवलेल्या जागेचं नाव लिहून ठेवलं होतं. एका शब्दाची चूक हो! तीन वर्षं ती नोंद कुणी उघडून पाहिली नव्हती, काकांनीसुद्धा नाही.

मग प्रोग्राम मध्येच अडतो का, हे बघायला त्यांनी चाळीस वेळा 'तारीख बदला' दाबलं. चाळीसही वेळा तारीख गुणी बाळासारखी बदलली. एरवी काकांची छाती फुगली असती. आज त्यांना रडू येत होतं.

दुसऱ्या दिवशी ताईसमोरच प्रशासकबाईंनी काकांना विचारलं, "कुठलं बटण दाबलं होतं?"

"नोंदीत नाही. चूक माझी आहे."

"म्हणजे प्रोग्राम अडला होता?"

"अडला असू शकतो."

"कधी अडलेला पाहिलाय?"

काकांनी मान खाली घातली. "नाही."

"भाऊ आहात, तुमची तळमळ कळते मला," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी कामावरून कमी केल्याचा कागद ताईपुढे सरकवला. काकांना ओरडून सांगायचं होतं, की माझी बहीण खोटं बोलत नाही. पण त्या खोलीत त्या वाक्याला कवडीची किंमत नव्हती, हे त्यांना कळत होतं. ताईने सही केली.

ऑफिसात परत येऊन काकांनी तो शब्द बदलला. अर्ध्या मिनिटाचं काम. लगेच प्रत्येक बटणाचं नाव नोंदीत लख्ख उमटायला लागलं.

संध्याकाळी ते ताईकडे गेले. ती नवऱ्याला पेज भरवत होती.

"ताई, माझ्यामुळे झालं गं हे."

"तुझ्यामुळे कसलं?" ती वर न बघता म्हणाली. "मीच दाबलं असेल रे 'रद्द'. घाईत हात गेला असेल."

कालपर्यंत तिला पक्कं आठवत होतं.