आगबोटवाले मामा

न पाहिलेली गोष्ट मामांनी सांगावी आणि आपण ऐकावी. पाहिलेल्या गोष्टींत त्यांना फारसा रसच नव्हता. नातेपुत्याच्या बाजारात मेंढरांची दलाली करणारा हा धनगर, उभ्या जन्मात एकीकडे सोलापूर आणि दुसरीकडे फलटण यांच्यापलीकडे गेलेला नाही. पण आमच्या ओसरीवर टेकला, की सुरुवात थेट मुंबईच्या गव्हर्नराच्या स्वयंपाकघरापासून! तिथे चुली किती, भाकरी थापायला बाया किती, सगळं तोंडपाठ. माझे वडील शाळामास्तर. ते चष्म्यावरून बघत विचारायचे, "मामा, चुली तुम्ही मोजल्यात का?"

"मोजायला कशाला लागतंय, मास्तर? धूर दिसतोय की!"

झालं! मास्तरांनाच हसू फुटायचं. आम्ही पोरं तर त्यांच्यावर जीव टाकत होतो.

पण बाजारात हाच माणूस तराजूच्या काट्यासारखा चोख. रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवायची तिथली रीत. कुणी काय मागितलं ते तिसऱ्याला कळत नाही. मामांच्या बोटांवर अडाणी म्हातारीही डोळे मिटून विश्वास टाकायची. एकदा त्यांनी विकून दिलेली मेंढी आठ दिवसांत मेली, तर हे गृहस्थ माळशिरसपर्यंत पायी जाऊन घेणाऱ्याच्या पाया पडून आले. "मेंढी मेली तर तुमचा काय दोष?" असं वडिलांनी विचारलं, तेव्हा म्हणाले, "दोष न्हाय वो, पर बोट माजं हुतं की."

आणि अशा माणसाच्या नशिबी तो एजंट यावा! मुंबईचा कोट, पायांत बूट, बोलणं लोण्यासारखं. गावात आल्या आल्या त्याने काय केलं, तर मामांना बसायला खुर्ची दिली. सगळ्या कचेऱ्यांत उभाच राहत आलेला माणूस तो. खुर्चीत बसला आणि तिथेच गार झाला. एजंट म्हणाला, आफ्रिकेत साहेबलोकांची मेंढरं मोकाट आहेत, राखायला जाणता माणूस मिळत नाही. त्या लबाडाने रेल्वेचे रूळ टाकायला माणसं मागितली असती, तर धनगरांच्या वाडीवरचं एक कुत्रंही गेलं नसतं. त्याने मागितले मेंढके. धनगराला आणखी काय हवं?

फक्त पाण्याचं भय होतं. वाडीवरची पोरं मामांभोवती जमली आणि त्यांनी विचारलं, आगबोट असते तरी कशी? इथे मामांनी घात केला. सवयीने बोलून गेले, "म्या बगितलीया की, ह्या डोळ्यांनी! खाली मेंढरांचा वाडा हाय, वर मानसं निजत्यात. पान्याचा थेंब अंगाला लागत न्हाय." त्या दिवसापासून त्यांचं नाव पडलं आगबोटवाले मामा. पोरांनी आपापली मेंढरं विकून बोटीच्या भाड्याचे पैसे एजंटाच्या पदरात घातले. बाहेर बोभाटा झाला तर दुसऱ्या गावचे लोक जागा पटकावतील, असं एजंटाने मनात भरवलं होतं. म्हणून मामांनी बिरोबाच्या देवळात सगळ्यांना बेल-भंडारा उचलायला लावला, की एजंटाचं नाव आणि हा बेत परक्याजवळ बोलायचा नाही. बेल-भंडाऱ्याची आण म्हणजे त्या लोकांत जिवापलीकडची गोष्ट.

मुंबईत गोदीजवळच्या एका वखारीत पोरांना बसवून एजंट जो गेला तो गेला. ना परवाना, ना बोट. पोरं भीक मागत परत आली. वाडीवरच्या कोंडाबाईचा एकुलता एक मुलगा मायाप्पा मात्र तिथेच तापाने गेला.

पोलिसांनी एजंटाला पकडलं आणि माणसं जमवून दिली म्हणून मामांनाही. मी तेव्हा सोलापुरात नवा वकील. मामांचं वकीलपत्र मीच घेतलं, दुसऱ्याला घेऊ दिलं नसतं. तुरुंगात भेटून मी त्यांना पढवलं, "एजंटाने मलाही फसवलं, एवढंच म्हणा. तुमच्या मनात कपट नव्हतं, तर गुन्हा होत नाही."

"आन् आगबोटीचं?"

"आगबोटीचं कोण विचारतंय, मामा?"

"कोंडाबाई." मामा म्हणाले. "दोनदा दारात गेलो तिच्या. पाठ फिरवून बसली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं, वकीलसायेब. तिनं माज्याशी एक शबूद बोलावा. मंग सरकारला काय करायचं त्ये करू दे."

खटला उभा राहिला आणि मला तर आनंदाच्या उकळ्या फुटल्या. फसलेली पोरं एकेक करून साक्षीला येत आणि मुकी होत. एजंटाला ओळखता? गप्प. तुम्हाला कुणी नेलं? गप्प. सरकारी वकील घामाघूम, मॅजिस्ट्रेट संतापलेले. भंडारा उचललेला, कोण बोलणार! एजंट पिंजऱ्यात मिशीला पीळ देत उभा. दोघेही सुटणार याची मला खात्री झाली.

तेवढ्यात मामा ओरडले, "बोला रं पोरांनो! त्यो भंडारा खोटा हुता. म्या उचलायला लावला, म्याच उतरवतो. त्येचं पाप माज्या डोक्याव."

मी कपाळाला हात लावला. त्यांचा सदरा ओढला, डोळे वटारले, ऐकतायत कुठले! मॅजिस्ट्रेटांनी त्यांना गप्प केलं आणि बजावलं, "तुम्ही आरोपी आहात. बोलाल ते तुमच्यावरच येईल."

"येऊ द्या की, सायेब. आगबोट म्या कदी बगितली न्हाय. बगितली म्हनून सांगितलं, तवा पोरं गेली. मायाप्पा लई भ्यायला हुता. त्याला म्याच धीर दिला."

मागे भिंतीशी कोंडाबाई बसली होती. तिने डोक्यावरचा पदर आणखी पुढे ओढला, बस्स. मग पोरं बोलू लागली आणि थांबेनात. एजंट चांगला लांब आत गेला. मामांनाही काही महिन्यांची सजा झाली. मी त्यांच्यावर इतका चिडलो होतो, की निरोपाला दोन शब्द धड बोललो नाही. घरी येऊन मात्र रडलो.

पुढे काही वर्षांनी गावी गेलो, तेव्हा कुणीतरी सांगितलं, मामा कोंडाबाईची मेंढरं राखतात. तुरुंगातून सुटल्यावर सरळ तिच्या मेंढरांच्या वाड्यापाशी गेले आणि मेंढरं हाकत माळावर निघाले. ती नको म्हणाली नाही, हो म्हणाली नाही. मी कोंडाबाईच्या झोपडीपाशी त्यांना भेटायला गेलो. दाढी पांढरी, अंग वाळलेलं. मी म्हटलं, "मामा, शिक्षा कधीच संपली. आता तुमचा बाजार धरा, लोक वाट बघतायत."

"ती कोरटाची संपली," ते म्हणाले आणि एका लंगड्या कोकराच्या पायातला काटा काढू लागले.

"बोलते का ती?" मी हळूच विचारलं.

त्यांनी मान हलवली. नाही.

दिवस मावळायला आला होता. मी उठलो. पायांत वहाणा घालतोय, तोच झोपडीच्या आतून कोंडाबाईचा आवाज आला, जरा त्रासलेलाच. "आरं, भाकर निवली की. कवा खानार हायेस?"

मामांच्या हातातून कोकरू निसटून गेलं.