पुढच्या चाकाचं तेल

दिवाळे गावच्या कोळीवाड्यातला जयदेव तुर्भ्याच्या गॅरेजात काम शिकायला गेला, तेव्हा खाडीतली मासळी कमी होत चालली होती आणि डोंगरातले सुरुंग वाढत चालले होते. बापाची होडी धाकट्या भावाकडे गेली, जयदेवच्या वाट्याला दगडखाणीचे ट्रक आले. नवी नवरी मैना तेव्हा म्हणाली होती, "म्हावऱ्याचा वास सोडून गेलास न् ऑइलचा घेऊन आलास." पुढं त्यानं स्वतःचं गॅरेज टाकलं, तरी हे वाक्य तो गिऱ्हाइकांना हसत हसत सांगायचा.

खाणीत एक ट्रक वेगळा होता. लष्कराच्या लिलावातून आलेला, चारही चाकं ओढणारा. त्यावर पाण्याची टाकी बसवली होती, आणि दुसऱ्या कुठल्या गाडीला चढता येणार नाही अशा चढावर तो पाणी मारायला जायचा. तो चालवायचा तुर्भे गावातला नामा मढवी. आगरी माणूस, भातशेती शहराखाली गेलेली. नामा ट्रक घेऊन यायचा तेव्हा त्याच्या भुवयांवरसुद्धा दगडाची पांढरी धूळ असायची. काम झालं की दोघं बाकड्यावर बसून मैनेनं दिलेली जवळ्याची चटणी आणि भाकरी खायचे. नामा गाडीची तक्रार अशी सांगायचा, जशी घरातल्या आजारी माणसाची.

मग खाण बंद झाली. ट्रक विकले गेले, नामा यायचा थांबला. गॅरेजपासून त्याचं घर चालत जाण्याच्या अंतरावर, पण जायला काही निमित्त उरलं नाही. कुणाच्या लग्नात भेट झाली तर झाली. आता जयदेवचे गुडघे वाकत नव्हते. पावसाळ्याआधी गॅरेज बंद करायचं त्यानं ठरवलं होतं.

त्या हिवाळ्यात सानपाड्याची हेतल एक हिरवा ट्रक घेऊन आली. चाळिशीतली बाई. सुट्टीच्या दिवशी मित्रमंडळींबरोबर डोंगरातल्या खडकाळ वाटांवर गाडी चालवायचा तिला नाद होता. पुढच्या दोन्ही चाकांना आतून तेल सुटलंय, ब्रेक धरत नाही, असं तिनं सांगितलं. जयदेव पुठ्ठा टाकून खाली सरकला. चाकाची आतली बाजू तेलानं काळी झाली होती. पण त्याची नजर गेली चासीवरच्या एका पट्टीकडे. वेल्डिंग वाकडं होतं, घाईत केलेलं. ते त्याचंच होतं. पाण्याची टाकी सुटायला आली होती आणि नामा डोक्यावर उभा होता, तेव्हाचं.

"काका, सापडलं का काही?" हेतलनं वाकून विचारलं.

"सापडलं," तो म्हणाला, आणि आणखी थोडा वेळ तिथंच पडून राहिला.

बाहेर आल्यावर त्यानं तिला सगळं सांगितलं. हेतल बॉनेटवर हात ठेवून ऐकत राहिली. मग म्हणाली की काम चालू असताना तिला तिथंच थांबायचंय.

त्यांनी चाकं उतरवली, ड्रम काढले, एक्सलचे लांब दांडे दोघांनी मिळून बाहेर ओढले. आतली ऑइल सीलं उकरून काढली. रबर वाळून कडक झालं होतं. जयदेवनं नव्या सीलांना ग्रीस लावलं आणि लाकडाच्या ठोकळ्यावरून हलक्या हातानं ठोकत ती सारखी बसवली. हे काम त्यानं आयुष्यभर केलं होतं. पण हेतल गाडी चढावर फिरवून आली तेव्हा चाकाच्या आतून पुन्हा तेलाचा ओघळ आला होता.

जयदेवला ते लागलं. घरी तो मैनेला म्हणाला की आता हातात काही राहिलं नाही, गॅरेज उद्याच बंद केलं तरी चालेल. मैना कोलंब्या सोलत होती. तिनं वर न बघता विचारलं, नामाला सांगितलंस का त्याचा ट्रक आलाय म्हणून?

दुसऱ्या दिवशी सकाळी तो तुर्भे गावात गेला. नामा ओट्यावर उन्हाला बसला होता. डोळ्यांचं ऑपरेशन होऊनही त्याला फारसं दिसत नव्हतं. आवाजावरून त्यानं ओळखलं. जयदेवनं ट्रकाची बातमी दिली, सीलांचंही सांगितलं, आणि आपले हात गेले असंही बोलून टाकलं. नामानं सगळं ऐकून घेतलं.

"ब्रीदर उघडला व्हतास?" त्यानं विचारलं.

एक्सलच्या वर एक छोटं टोपण असतं. गाडी पळाली की आतलं तेल तापतं, हवा फुगते आणि त्या टोपणातून निघून जाते. टोपण बुजलं की हवेला वाट राहत नाही, मग ती तेलासकट सीलातून बाहेर येते. जयदेवला हे माहीत होतं. पण खाणीच्या दिवसांत त्याला ते कधी बघावंच लागलं नव्हतं, कारण गाडी गॅरेजात आणण्याआधी नामा स्वतः टोपण काढून तारेनं साफ करायचा.

"तुजे हात बरे हायत," नामा म्हणाला. "आमी दोगं मिलून एक मेकॅनिक व्हतो, येवढाच."

जयदेव त्याला रिक्षात घालून गॅरेजात घेऊन आला. टोपणात चिखल सिमेंटासारखा घट्ट बसला होता. नामानं ते मांडीवर घेतलं आणि बोटांनी चाचपत तारेनं कोरत बसला. दाबानं ढकललेली सीलं जयदेवनं बदलली. हेतल पुन्हा चढावर जाऊन आली. या वेळी चाकं कोरडी होती.

मग तिनं दोघांना गाडीत बसवलं आणि जुन्या खाणीच्या रस्त्यानं नेलं. रस्ता संपतो तिथं आता कुंपण आहे, पलीकडे खड्ड्यात साचलेलं हिरवं पाणी. नामानं इंजिन बंद करू नकोस म्हणून सांगितलं. खिडकीवर कोपर टेकून तो बराच वेळ ते ऐकत बसला. जयदेवनं त्याला समोर काय काय दिसतंय ते सांगायला सुरुवात केली, पण नामा म्हणाला, राहू दे, मला दिसतंय.

ठरल्याप्रमाणे पावसाळ्याआधी गॅरेज बंद झालं. जयदेवनं पाने भाच्याला दिले, बाकडं मात्र टेम्पोत घालून तुर्भे गावात नेलं. आता ते नामाच्या ओट्यावर असतं. मैना डबा देते, आणि जेवताना दोघं बहुतेक वेळा गाड्यांबद्दलच बोलतात.